मागणीवरून लिहिलेली गाणी इतकी वर्षं कशी टिकली?

मिरजकर

मंडळी, गेल्या रविवारी भाच्याचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर हौशी लोकांचं गाणं-बजावणं सुरू झालं आणि एका विशीतल्या मुलीने 'तोच चंद्रमा नभात' म्हटलं, फार सुंदर म्हटलं, सगळा हॉल तिच्याबरोबर गुणगुणायला लागला. मग ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि विचारते, काका हे गाणं साखरपुड्यात चालतं का हो, यात तर तो म्हणतोय की सगळं तसंच आहे पण प्रेम राहिलं नाही. मी चाळीसेक वर्षं हे गाणं ऐकतोय आणि खरं सांगतो, मला ते कायम चांदण्या रात्रीचं गोड गाणंच वाटत आलं. त्या रात्री घरी येऊन नुसते शब्द वाचले, चाल बाजूला ठेवून, आणि पोटात कालवाकालव झाली.

मग शोधाशोध केली. शांताबाई शेळक्यांना हे सुचलं ते एका संस्कृत श्लोकावरून, शीला भट्टारिका नावाच्या कवयित्रीचा, 'यः कौमारहरः स एव हि वरः' असा सुरू होतो, मम्मटाच्या काव्यप्रकाशातही आहे. त्यात बोलणारी बाई आहे. ती म्हणते, तोच नवरा, त्याच चैत्राच्या रात्री, तोच मालतीचा वास, मीही तीच, तरी मन रेवाकाठच्या त्या वेताच्या झाडाखाली ओढ घेतंय. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला, आणि मोठा फरक म्हणजे श्लोकातल्या बाईला निदान ओढ तरी आहे, गाण्यातल्या माणसाची ती ओढच आटलीय.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आपली जी गाणी पन्नास-साठ-सत्तर वर्षं टिकलीत त्यातली बरीचशी कुणीतरी मागितली म्हणून लिहिलेली आहेत. रेडिओला अमुक तारखेला पाहिजे, सिनेमात अमुक प्रसंग आहे, कंपनीला रेकॉर्ड काढायचीय. आपण समजतो की कवीला आतून उमाळा आला की मोठं काव्य होतं. मला उलटं वाटायला लागलंय, मागणी होती म्हणून ती टिकली. तुम्हाला माहीत असलेल्या गाण्यांच्या गोष्टी सांगा, पण खात्रीच्या सांगा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकोत.

काळी दोन

मस्त धागा. आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मी पेटी वाजवतो आणि हे गाणं शेकडो वेळा साथीला वाजवलंय. फसगत होते ती बाबूजींच्या चालीमुळे. राग यमन, आपल्याकडे यमन म्हणजे संध्याकाळ, शांतता, प्रसन्नपणा. दुःखाचं गाणं आलं की कुणीही भैरवीकडे नाहीतर कोमल स्वरांकडे धाव घेईल. बाबूजींनी (सुधीर फडके, नवीन मंडळींसाठी) चंद्र, चैत्र, एकांत या सगळ्याला त्याचा मूळचा गोडवा तसाच ठेवला. म्हणजे शब्द म्हणतात 'सारं तसंच आहे' आणि चालही खरोखर सारं तसंच ठेवते. रडत म्हटलं असतं तर गाणं पहिल्याच ओळीत संपलं असतं. तुम्हाला चाळीस वर्षं ते गोड वाटलं यात तुमची काही चूक नाही, ते तसंच बांधलंय.

पुणे३०

मागणीवरून म्हणताय तर गीतरामायणाशिवाय पुढे कसं जायचं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, शुक्रवारी सकाळी पहिलं गाणं लागलं. कल्पना सीताकांत लाडांची, ते तिथे अधिकारी होते. दर आठवड्याला एक नवीन गाणं, वर्षभर. बावन्न ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. विचार करा, अधिक महिन्यामुळे आपल्याला चार गाणी जास्त मिळाली!

आणि ते दर आठवड्याचं प्रकरण साधं नव्हतं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, गायक बोलवायचे, तालीम, आणि शुक्रवार काही कुणासाठी थांबत नाही. पहिल्या गाण्याचा कागदच ऐनवेळी हरवला, मग लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि त्यांनी तिथल्या तिथे पुन्हा गाणं लिहून दिलं, ही आठवण त्या लोकांनीच सांगितलेली आहे. ते म्हणजे 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. कडी लावलेल्या खोलीत!

माझी आई तेव्हा नऊ वर्षांची, शनिवारात वाड्यात राहायची. सगळ्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. शुक्रवारी सकाळी पायऱ्यांवर सगळी बिऱ्हाडं येऊन बसायची, मालकीणबाई रेडिओला हळदकुंकू लावायच्या, उदबत्ती लावायच्या. आई म्हणते शाळेला उशीर झाला तरी त्या दिवशी बाई ओरडायच्या नाहीत, कारण बाईसुद्धा ऐकूनच निघालेल्या असायच्या.

निशिगंधा_टोरांटो

@पुणे३०, वाचताना अंगावर काटा आला. माझ्यासाठी गीतरामायण म्हणजे एकच गाणं, 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. बाबा गेले तेव्हा मी इकडे होते, तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस गेले, पोचले तोवर सगळं झालेलं. तेराव्यापर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका रात्री काकांनी ते लावलं, काही न बोलता. आम्ही सगळे नुसते बसून होतो. ते राम भरताला सांगतोय, चित्रकूटावर, वडील गेल्याची बातमी दोघांच्याही काळजात ताजी असताना, हे मला तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. वडील गेलेल्या मुलाने वडील गेलेल्या मुलाला सांगितलेलं गाणं आहे ते. मिरजकर, तुम्ही म्हणता ते इथे पटतं. गदिमा स्वतःचं तत्त्वज्ञान सांगायला बसले नव्हते, त्यांना रामाच्या तोंडून भरताची समजूत काढायची होती, त्या सकाळी, त्या जागी. म्हणून ते कुणाच्याही घरात लागू पडतं.

टाळकरी

माझा अनुभव लिहितो. गावच्या भजनी मंडळात मी लहानपणापासून आहे. 'इंद्रायणी काठी देवाची आळंदी' आमच्याकडे दर एकादशीला होतं आणि वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत मी ते संतांचंच समजत होतो. मग कळलं की ते 'गुळाचा गणपती' या सिनेमातलं, १९५३ सालचं, शब्द गदिमांचे, चाल पु.ल. देशपांड्यांची, गायलं भीमसेन जोशींनी. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, फसवल्यासारखं. आमच्या आजीला जाऊन सांगितलं की आजी हे सिनेमाचं गाणं आहे. ती वाती वळत होती. म्हणाली, असू दे, आळंदी तर खरी हाय ना.

तेव्हापासून मी हा विषय डोक्यातून काढून टाकला आणि मनापासून म्हणतो. 'देहाची तिजोरी' पण तसंच, जगदीश खेबुडकरांचं, 'आम्ही जातो अमुच्या गावा' मधलं. तेही आमच्याकडे अभंगासारखंच म्हणतात.

काळी दोन

@टाळकरी, आजींना नमस्कार सांगा. यात भर घालतो, 'नाच रे मोरा' पण त्याच वर्षीचं, 'देवबाप्पा' सिनेमातलं, परत गदिमा आणि पुलंच, गायलं आशाताईंनी. म्हणजे एकाच जोडीने एकाच साली महाराष्ट्रातल्या लहान पोरांना एक गाणं दिलं आणि म्हाताऱ्यांना एक. दोन्ही सिनेमे आज किती जणांनी पाहिलेत? गाणी मात्र पाठ नसलेलं घर सापडायचं नाही.

आणि 'घनश्याम सुंदरा'चं बरोब्बर उलटं. लोक म्हणतात 'अमर भूपाळी'तलं गाणं, पण ती भूपाळी मुळात होनाजी बाळा यांची, पेशवाईतले शाहीर. शांतारामबापूंनी १९५१ साली सिनेमाच त्या भूपाळीवर काढला आणि वसंत देसाईंनी तिला अशी चाल दिली की दुसऱ्या कुठल्या चालीत ती ऐकवत नाही.

भाता

इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. नाव बघून कळलंच असेल, आम्ही लोहार. वडिलांची भट्टी होती कराडजवळ, मी आता कंपनीत आहे. 'ऐरणीच्या देवा तुला' बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

खांडेनवमीला आमच्याकडे ऐरणीची पूजा असते, घण, सांडशी, छिन्नी सगळं धुऊन मांडायचं, झेंडूची माळ, नारळ. वडील त्या दिवशी भाता चालवत नसत. आणि पूजा झाली की टेपवर हे गाणं एकदा लागायचं म्हणजे लागायचंच. लहानपणी मला वाटायचं ते आमच्या जातीचंच जुनं गाणं आहे, आरतीसारखं. मोठेपणी समजलं की 'साधी माणसं' सिनेमा, १९६५, भालजी पेंढारकरांचा, आणि लिहिणारे खेबुडकर म्हणजे कोल्हापूरकडचे शाळामास्तर. मास्तर माणसाने हे कसं लिहिलं याचं मला आजही नवल वाटतं. त्यात लोहाराची दया नाही आलेली कुठे. गरीब बिचारा असं नाही केलं त्याला. ठिणगीचं फूल करून वाहिलंय. आमच्या कामाला कुणी इतका मान दिलेला मी दुसरीकडे ऐकला नाही.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. भट्टी मोडली पण ऐरण घरी आणून ठेवलीय, माझ्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत. खांडेनवमीला गाणं लागतं.

मिरजकर

@भाता, तुमचा हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. लिहीत राहा हो.

त्या गाण्याचं संगीत 'आनंदघन' यांचं, आणि आनंदघन म्हणजे खुद्द लताबाई, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या काळी नव्हतं. त्या सिनेमाला राज्य पुरस्कारात संगीताचंही बक्षीस मिळालं आणि लताबाई तिथे समोर बसलेल्या असूनही नाव पुकारल्यावर उठल्या नाहीत, शेवटी कुणीतरी जाहीर केलं की आनंदघन इथेच बसलेत, असा किस्सा आहे. 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' ही पण त्यांचीच. एवढी मोठी गायिका आणि चाल स्वतःच्या नावाने न देता अशी देऊन टाकली.

पाठवणी

माझी आवडती गोष्ट पी. सावळाराम यांची. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. सांगतात की रेल्वे स्टेशनवर एक आई नव्या नवरीला निरोप देत होती, दोघी रडत होत्या, आणि त्या आईच्या तोंडचे साधे शब्द सावळारामांनी ऐकले, त्यातून गाणं झालं. 'दिल्या घरी तू सुखी रहा' हे काही कवीला सुचायची गरजच नाही, आपल्याकडची कुठलीही आई हेच म्हणते. त्यांनी फक्त ते ऐकलं आणि बरोबर जागी ठेवलं. लग्नात बॅंडवाल्यांनी ही धून सुरू केली की मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. माझ्या लग्नात आईने बॅंडवाल्याला आधीच बजावून ठेवलं होतं की हे वाजवायचं नाही, मला सहन होणार नाही. त्याने नाही वाजवलं. गाडी सुटताना आई स्वतःच पुटपुटत होती ते, मी काचेतून ओठ बघितले.

आणि त्यांचंच 'कल्पवृक्ष कन्येसाठी', ते मास्टर दीनानाथांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं. वडील १९४२ साली गेले, पोरींचं नाव झालेलं त्यांनी पाहिलं नाही, आणि ते गाणं म्हणायचं कुणी तर लताबाईंनी! कशा म्हणाल्या असतील.

इंदूरकर

इंदूरच्या मराठी माणसाने 'शुक्रतारा'बद्दल न लिहिणं म्हणजे पाप. अरुण दाते आमच्या गावचे, त्यांचे वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्यातले मोठे जाणकार, भलेभले गवई त्यांना ऐकवायला उत्सुक असायचे. अरुण दात्यांचं मूळ नाव अरविंद, शिक्षणाने टेक्स्टाईल इंजिनियर. ते गायचे उर्दू गझला, आणि मराठी गायला सुरुवातीला तयारच नव्हते कारण इंदुरी मराठीचा लहेजा, उच्चार बरोबर येतील की नाही ही धाकधूक. खळेकाकांनी (श्रीनिवास खळे) पाठ सोडली नाही. पाडगावकरांचे शब्द, जोडीला सुधा मल्होत्रा, त्या हिंदीतल्या गायिका. म्हणजे मराठीतलं सगळ्यात लाडकं युगुलगीत गाणाऱ्या दोघांपैकी एकजण मराठी गायला घाबरत होता आणि दुसरीची मातृभाषाच मराठी नव्हती.

मला वाटतं त्या घाबरण्यामुळेच तो आवाज तसा लागलाय. हळू, जपून, एकेक शब्द फुंकर घालून ठेवल्यासारखा. आम्ही बाहेरचे मराठी लोक अशीच जपून मराठी बोलतो. आमच्या घरी पोरांना मराठी आली ती या गाण्यांवरून, पुस्तकांवरून नाही.

वेसावकर

शांताबाईंबद्दल आमच्याकडूनही. 'मी डोलकर', 'वादळवारं सुटलं गो', 'राजा सारंगा' ही हृदयनाथ मंगेशकरांनी केलेली कोळीगीतं, शब्द शांताबाईंचे. त्यांचं लहानपण मंचर-पुण्याकडचं, समुद्राशी काय संबंध सांगा. 'मी डोलकर' मध्ये पुरुषाचा आवाज हेमंतकुमारांचा, बंगाली माणूस. पण हळदीच्या रात्री कोळीवाड्यात हे लागलं की आजीपासून नातीपर्यंत सगळ्या उठतात, कुणी विचारत नाही लिहिलं कुणी. हेमंतकुमारांच्या आवाजात जो खर्ज आहे ना, तो भर समुद्रात लांबून येणाऱ्या हाकेसारखा वाटतो मला. हृदयनाथांनी तो आवाज निवडला तिथेच अर्धं काम झालं.

वऱ्हाडी

मी जरा विरोधात लिहितो, राग मानू नका. मिरजकर म्हणतात मागणी होती म्हणून टिकली. मग आमच्या सुरेश भटांचं काय? 'मालवून टाक दीप', 'केव्हातरी पहाटे', कुणी मागितलं होतं? आणि ग्रेस? 'भय इथले संपत नाही', 'ती गेली तेव्हा रिमझिम' ह्या आधी कविता आहेत, कुणाच्याही प्रसंगासाठी न लिहिलेल्या. हृदयनाथांनी त्यांना चाल लावली, 'निवडुंग' मध्ये १९८९ साली 'ती गेली' आलं, आणि अर्थ नीट न लागणारे लोकसुद्धा ते ऐकून गप्प होतात. मीही होतो. त्यातली 'ती' कोण यावर फॉरवर्डवर दहा गोष्टी फिरतात, प्रत्येकीत ती वेगळी. माझं म्हणणं ती शोधू नये. प्रत्येकाच्या घरातून कुणीतरी पावसात गेलेलं असतं.

आणि मागणीवरूनचंच पाहिजे तर आमचे नागपूरचे राजा बढे घ्या. 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांचं, संगीत खळेकाकांचं, आवाज शाहीर साबळ्यांचा, २०२३ मध्ये राज्यगीत झालं. पण त्याच बढ्यांनी 'चांदणे शिंपीत जाशी' लिहिलंय! एकाच हाताने. पोवाड्याचा दणका आणि चांदण्याचा शिडकावा. मागणी असते ती फक्त दार उघडते, आत माल नसेल तर काय उपयोग.

मिरजकर

@वऱ्हाडी, राग कसला, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी माझं वाक्य थोडं बदलतो. भट आणि ग्रेस यांच्या कवितांना मागणी नव्हती, पण गाणं व्हायला कुणीतरी मागावीच लागली. हृदयनाथांनी ती कविता पुस्तकातून उचलून 'ही मला गायची आहे' असं म्हटलं नसतं तर आज मी-तुम्ही त्यावर बोलत बसलो नसतो. पुस्तकात किती चांगल्या कविता तशाच पडून आहेत. म्हणजे मागणारा माणूस पाहिजेच, लाड असोत, भालजी असोत, खळे असोत. आजकाल मला खंत वाटते ती याचीच. लिहिणारे आहेत, गाणारे तर गल्लोगल्ली आहेत आणि तयारीचे आहेत, पण 'पुढच्या शुक्रवारी मला नवीन गाणं पाहिजे' असं हक्काने म्हणणारं आणि ते घरोघरी पोचवणारं कुणी उरलं नाही.

पुणे३०

हे लाख बोललात. पुणे आकाशवाणीवर राम फाटकांनी अशीच कितीतरी गाणी रेडिओसाठी केली. 'सखी मंद झाल्या तारका' त्यातलंच, सुधीर मोघ्यांचं. आपण ऐकतो ते बाबूजींच्या आवाजात, पण रेडिओवर आधी ते भीमसेनजींनी गायलेलं आहे.

काळी दोन

दोन्ही ऐकून बघा एकदा पाठोपाठ. बाबूजी शब्दाच्या बाजूने गातात, 'तारका' म्हणताना तारका दिसतात. भीमसेनजी सुराच्या बाजूने, तिथे रात्र सरत चालल्याची हुरहुर आवाजातूनच येते. यातलं एक निवडा म्हटलं तर मला नाही निवडता येणार.

पाठवणी

भीमसेनजींचं मी कधीच ऐकलेलं नाही! कुणाकडे आहे का?

टाळकरी

माझ्या मामांकडे रेडिओवरून टेप केलेल्या जुन्या कॅसेट आहेत, दोन पेट्या भरून, प्रत्येकीवर शाईने तारीख आणि गाण्याचं नाव लिहिलेलं. त्यात हे नाव मी वाचल्याचं पक्कं आठवतंय. बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही, फीत चिकटलेली नसेल तर बरं. रविवारी जातोच आहे मामांकडे.

भाता

टाळकरी, घाईने लावू नका. आधी पेन्सिलीने हळूहळू दोन्हीकडून फिरवून सैल करा आणि मगच टेपमध्ये घाला. टेप बंद असेल तर माझ्याकडे चालू स्थितीतला आहे, वडिलांचा, कराडला घेऊन या.